'रिबेका' : कादंबरीतला खून, पडद्यावरचा अपघात

डॅफ्ने ड्यू मॉरिए या इंग्रज लेखिकेची 'रिबेका' ही कादंबरी १९३८ साली प्रसिद्ध झाली आणि अवघ्या दोन वर्षांत, १९४० साली, आल्फ्रेड हिचकॉक यांचा तिच्यावरील चित्रपट पडद्यावर आला. अमेरिकेत जाऊन त्यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच चित्रपट. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक त्याला मिळाले. मानसशास्त्रीय रहस्यपट म्हटले की आजही जी मोजकी नावे घेतली जातात त्यांत हे एक असते, आणि हा मान रास्त आहे असेच आमचे मत आहे. तरीही मूळ पुस्तक वाचून चित्रपट पाहणाऱ्याच्या मनात एक सल राहतो. त्याचे मूळ शोधू गेल्यास आपण चित्रपटगृहाबाहेरच्या, नीतिरक्षणासाठी केलेल्या एका नियमापाशी जाऊन पोहोचतो. त्या नियमाच्या घडणीत कॅथलिकांचाच हात होता; म्हणून ही चर्चा या पानांतून करणे आम्हांस अगत्याचे वाटते. ती करताना रहस्य उलगडावे लागणार आहे. ज्यांना ते आधी कळू नये असे वाटत असेल त्यांनी पुस्तक वाचून मग पुढे वाचावे.

कथा थोडक्यात अशी. एका श्रीमंत बाईची पगारी सोबतीण म्हणून माँटे कार्लोला आलेली एक पोरकी, बुजरी तरुणी मॅक्सिम द विंटर या विधुर जमीनदाराशी विवाह करते आणि त्याच्या मँडर्ली या वडिलोपार्जित वाड्यात नांदायला येते. पहिली पत्नी रिबेका समुद्रात बुडून वारलेली. पण वाड्यात सत्ता तिचीच आहे. रुमालावर, उशीच्या अभ्र्यावर, पत्ते लिहिण्याच्या वहीवर तिचे आद्याक्षर आहे. कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स दिवंगत मालकिणीची खोली देव्हाऱ्यासारखी जपते. नव्या मालकिणीला स्वतःचे नावसुद्धा नाही. लेखिकेने ते अखेरपर्यंत सांगितलेले नाही, आणि ते सांगून टाकण्याचा मोह चित्रपटानेही आवरला आहे.

चित्रपटाचे सर्वांत मोठे बळ म्हणजे न दिसणारी रिबेका. तिची भूमिका करायला कोणी नटी नाही, तिचे चित्र भिंतीवर नाही, पूर्वकथेच्या रूपानेही ती पडद्यावर येत नाही. एखाद्या सामान्य दिग्दर्शकाने सागरकिनाऱ्यावरील झोपडीच्या प्रसंगी तरी तिला आणलेच असते. मॅक्सिम त्या रात्रीची हकीकत पत्नीला सांगतो तेव्हा हिचकॉक यांचा कॅमेरा त्या रिकाम्या खोलीतून फिरतो. ती जिथे बसली होती तिथून ती उठली, चालली, वळली असे शब्द कानांवर पडतात आणि कॅमेरा त्या अदृश्य बाईच्या पावलांमागून जातो. आपण केवळ हवा पाहत असतो आणि तरी शहारतो. असे चित्रीकरण आम्ही क्वचितच पाहिले आहे.

दुसरे बळ मिसेस डॅन्व्हर्स. ज्युडिथ अँडरसन यांनी साकारलेली ही काळ्या वस्त्रांतील बाई फारशी चालताना दिसतच नाही. मागे वळावे तो ती उभी असते. ही युक्ती आपण हेतुपुरस्सर योजली होती असे हिचकॉक यांनी पुढे सांगितले आहे. (आपल्याकडे १९६४ साली बीरेन नाग यांनी याच कथेवरून 'कोहरा' हा हिंदी चित्रपट केला. त्यातील कारभारणीचे काम ललिता पवार यांनी केले होते. त्यांच्या एका दृष्टिक्षेपाचा धाक ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही निवड किती नेमकी होती हे सांगायला नको.)

कादंबरी प्रथमपुरुषी आहे. नायिकेचा न्यूनगंड, तिच्या मनाने रचलेले शेकडो काल्पनिक प्रसंग, नोकरांचे भय हे सारे तिच्याच तोंडून आपल्याला कळते. पडद्याला ही सोय नाही. जोन फॉन्टेन यांनी हे काम आखडलेले खांदे आणि कुठे ठेवावेत ते न कळणारे हात यांवर निभावले आहे. दिग्दर्शकाने त्यांना साजेसा एक प्रसंगही रचला आहे. मधुचंद्राच्या वेळी टिपलेली हलती चित्रे नवराबायको घरातच पाहत आहेत. पडद्यावर दोघे हसत आहेत, आणि इकडे अंधाऱ्या खोलीत एका फुटलेल्या चिनीमातीच्या बाहुल्यावरून बोलणे वाढत जाऊन विवाहच फसला की काय अशी शंका दोघांच्या तोंडी येते. बाहुला फुटण्याची गोष्ट मूळ पुस्तकातली. तिला मधुचंद्राच्या चित्रांची जोड चित्रपटाची. रूपांतर असावे ते असे.

उणिवांपैकी काही किरकोळ आहेत. उत्तरार्धात चौकशी, साक्षी, फॅव्हेलची धमकी आणि लंडनच्या डॉक्टरांची भेट यांत बोलणे फार होते व वाड्याची दहशत विरळ होते. लॉरेन्स ऑलिव्हिए यांचा मॅक्सिम रुबाबदार आहे, पण कादंबरीतला बेचाळिशीचा, आतून पोखरलेला गृहस्थ त्यांच्यात पुरता उतरत नाही. हे सोडून देता येईल. मुख्य प्रश्न निराळा आहे.

कादंबरीत मॅक्सिमने रिबेकाचा खून केलेला आहे. दुसऱ्याचे मूल तुझ्या वाड्याचा वारस होईल, असे ती त्याला हसत सांगते आणि तो तिला गोळी घालतो. प्रेत नावेत ठेवून नाव बुडवतो. पुढे सापडलेल्या एका अनोळखी स्त्रीच्या प्रेताला पत्नीचे म्हणून ओळख देतो. चित्रपटात मात्र रिबेका अडखळून पडते, नावेच्या अवजड सामानावर डोके आपटून मरते. प्रेत लपवणे तेवढे तसेच राहिले आहे.

हा बदल हिचकॉक यांच्या इच्छेने झालेला नाही. निर्माते सेल्झनिक तर मूळ कादंबरीशी इमान राखण्याविषयी हट्टी होते. बदल करविला तो हॉलिवूडच्या आचारसंहितेने. ती १९३० साली स्वीकारली गेली. तिचा मसुदा येशूसंघीय धर्मगुरू फादर डॅनियल लॉर्ड आणि मार्टिन क्विगली हे कॅथलिक प्रकाशक यांनी सिद्ध केला होता, आणि १९३४ पासून तिची कडक अंमलबजावणी करणारे जोसेफ ब्रीन हेही कॅथलिकच. अमेरिकेतील बिशपांच्या चित्रपटशुद्धीच्या मोहिमेचा गौरव पोप अकरावे पायस यांनी १९३६ सालच्या 'विजिलांती कूरा' या परिपत्रकात केला आहे. प्रेक्षकांची सहानुभूती गुन्ह्याच्या वा पापाच्या बाजूला झुकू नये हे संहितेचे एक मूलतत्त्व होते. पत्नीचा खून करून सुटलेला नायक त्यात बसणे शक्यच नव्हते.

या चिंतेत तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. ज्या माध्यमासमोर आठवड्याला कोट्यवधी माणसे, लहान मुलांसह, बसत होती त्याबद्दल पालकांना व धर्मगुरूंना काळजी वाटणे स्वाभाविक होते. परंतु 'रिबेका'च्या बाबतीत त्या नियमाने नेमके काय साधले?

खुनाची कबुली ऐकताच नायिकेच्या मनात काय येते ते कादंबरीत पाहावे. तिला किळस येत नाही, मेलेल्या स्त्रीबद्दल कळवळा येत नाही. तिच्या मनात एकच गोष्ट उजळते: याने रिबेकावर कधी प्रेम केलेच नव्हते. ती आनंदते. आणि आपण वाचकही, तीनशे पाने तिच्याबरोबर झुरलेले, तिच्याबरोबर सुटकेचा निःश्वास टाकतो. पुढील चौकशीत खुनी सापडू नये म्हणून मनोमन प्रार्थना करू लागतो. केव्हातरी, कदाचित पुस्तक मिटल्यावर, आपण कोणाच्या बाजूने उभे होतो हे ध्यानी येते. सदसद्विवेकबुद्धीला असा चिमटा काढणारी पुस्तके थोडी. मॅक्सिमचे ते निवेदनही पापनिवेदनासारखे भासते, पण त्यात अनुताप नाही आणि ऐकणारीला क्षमा करण्याचा अधिकार नाही. ती फक्त भागीदार होते.

चित्रपटात हे सारे शब्द जवळपास तसेच आहेत, पण त्यांखालचा आधार काढून घेतला आहे. अपघातात पत्नी गेली असे सांगणाऱ्या नवऱ्याच्या पाठीशी उभे राहायला कोणते धैर्य लागते? याचा पुरावा चित्रपटातच आहे. कबुलीनंतर मॅक्सिम पत्नीला म्हणतो की तुझ्या चेहऱ्यावरील ते निरागस, हरवलेले भाव आता कायमचे गेले. कादंबरीत हे वाक्य जिव्हारी लागते, कारण तिने खरोखर काही गमावले आहे. पडद्यावर ते सुंदर ऐकू येते, इतकेच. संहितेने पाप पुसले आणि त्याबरोबर पापाचे मोलही पुसले गेले. दिग्दर्शकाला पुढेही याच अडचणीशी गाठ पडली: पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्या 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' या १९५० च्या कादंबरीतील नायक दुसऱ्याच्या दडपणाखाली खून करतो, १९५१ च्या चित्रपटातील नायक करीत नाही.

केवळ बंधन उठल्याने चित्र सुधारते असेही नाही. संहिता १९६८ साली गेली. बेन व्हीटली यांच्या २०२० सालच्या 'रिबेका'त मॅक्सिमची गोळी परत आली आहे. पण नायिका तिथे इतक्या चटकन धीट होऊन पुराव्यामागे धावते की तिच्या अंतःकरणात काही घडले याची जाणीवच होत नाही. रंगीत वाडा, देखणे किनारे, आणि भय कुठेच नाही. हिचकॉक यांचा हात बांधलेला असूनही त्यांचा चित्रपट त्याहून कितीतरी सरस आहे.

शेवटाबद्दल सांगायला हवे. चित्रपटात मिसेस डॅन्व्हर्स स्वतः लावलेल्या आगीत जळते, नायिका सुखरूप बाहेर येते आणि पतीच्या मिठीत शिरते. अखेर ज्वाळांत ते आद्याक्षर भस्म होते. कादंबरी इतकी मेहरबान नाही. तिथे आग मोटारीतून दुरून दिसते, डॅन्व्हर्सचे काय झाले ते कळत नाही. आणि त्यानंतरचे आयुष्य लेखिकेने सुरुवातीलाच सांगून ठेवले आहे: परदेशातील साधी हॉटेले, ठरावीक वेळेचा चहा, मायदेशाहून आलेल्या वर्तमानपत्रांतील क्रिकेटचे वृत्तांत, आणि एकमेकांपुढे जुना विषय न काढण्याची खबरदारी. न्यायालयाने सोडलेल्या माणसांची ही शिक्षा चित्रपटाने आरंभीच्या स्वप्नापुरती ठेवून बाकी गाळली. ज्यांनी केवळ चित्रपट पाहिला आहे त्यांनी कादंबरीची निदान पहिली दोन प्रकरणे वाचावीत, आणि शेवटचे पान संपल्यावर ती पुन्हा एकदा वाचावीत.