सामाजिक उद्योजकता : एका संकल्पनेची चिकित्सा

मराठीत परोपकाराच्या कामाची थट्टा करावयाची असली की त्याला 'लष्कराच्या भाकऱ्या भाजणे' म्हणतात, आणि त्याच कामाचा गौरव करावयाचा असला की 'पदरमोड' हा शब्द योजतात. थट्टा आणि गौरव यांच्या मुळाशी गृहीत मात्र एकच आहे. ज्यातून करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही ते लोककार्य आणि ज्यातून लागते तो धंदा, अशी ही विभागणी आहे. 'सामाजिक उद्योजकता' ही संकल्पना ह्या विभागणीलाच हरकत घेते. समाजातील एखादे दुःख दूर करण्याचे कार्य स्वतःच्या मिळकतीवर उभे राहू शकते, किंबहुना तसे ते उभे राहिले तरच टिकते, असे तिचे प्रतिपादन आहे. हे प्रतिपादन महत्त्वाचे आहे यात शंका नाही. परंतु ज्या स्वरूपात ही संकल्पना आज विद्यापीठांतून शिकवली जाते व शासनव्यवहारात वापरली जाते, त्या स्वरूपात ती एका मूलभूत प्रश्नाला बगल देते. तो प्रश्न असा : मिळकत आणि कार्य यांत विरोध उत्पन्न झाला, तर निर्णय कोण करणार?

१

उद्योजक ह्या व्यक्तीला अर्थशास्त्रात मानाचे स्थान मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने जोसेफ शुंपीटर यांचे. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्थिक विकासावरील ग्रंथात त्यांनी उद्योजकाला भांडवलदारापासून वेगळे केले. भांडवल पुरवणे हे उद्योजकाचे कार्य नव्हे. उपलब्ध साधनांची नवी जुळणी करणे हे त्याचे कार्य होय, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे बिल ड्रेटन यांनी १९८० साली 'अशोका' ही संस्था स्थापन केली आणि समाजहिताच्या क्षेत्रात अशी नवी जुळणी करणाऱ्या व्यक्ती हुडकून त्यांना साहाय्य देण्यास आरंभ केला. संकल्पनेची सर्वांत परिचित मांडणी मात्र जे. ग्रेगरी डीस यांनी १९९८ साली लिहिलेल्या निबंधात आढळते. डीस यांच्या मते सामाजिक उद्योजक पाच गोष्टींनी ओळखावा. तो सामाजिक मूल्य निर्माण करण्याचे व टिकवण्याचे व्रत घेतो. त्या व्रताला उपकारक अशा नव्या संधींचा पाठपुरावा करतो. सतत नवे शोधतो व शिकतो. हाती असलेल्या साधनांच्या मर्यादेने अडून राहत नाही. आणि ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याप्रति अधिक उत्तरदायी असतो.

ही मांडणी सुबोध आहे व तिच्यात मार्मिक निरीक्षण आहे. तथापि ती व्याख्या नसून गुणवर्णन आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. संस्कृत नाट्यशास्त्रकारांनी धीरोदात्त नायकाची लक्षणे सांगावीत, तशी येथे एका नायकाची लक्षणे सांगितली आहेत. पाचवे लक्षण उत्तरदायित्वाचे आहे हे खरे. पण तेही उद्योजकाच्या स्वभावाचा एक गुण म्हणूनच येते. वस्तुतः उत्तरदायित्व हा स्वभावाचा गुण नव्हे. ते दोन पक्षांमधील नाते आहे. ज्याला उत्तर द्यावयाचे, त्याच्या हाती उत्तर मागण्याचे साधन नसेल, तर उत्तरदायित्व म्हणजे केवळ सौजन्य होय.

२

ह्या उणिवेचे परिणाम सूक्ष्मकर्जाच्या इतिहासात स्पष्ट दिसतात. १९७६ साली बांगलादेशातील जोब्रा ह्या गावी मुहम्मद युनूस यांनी ४२ माणसांना सुमारे २७ डॉलरांचे कर्ज स्वतःच्या खिशातून दिले. त्या प्रयोगातून १९८३ साली ग्रामीण बँक स्वतंत्र कायद्याने अस्तित्वात आली, आणि २००६ साली युनूस व बँक यांना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ही कथा सांगताना भर बहुधा युनूस यांच्या कल्पकतेवर असतो. बँकेच्या भांडवलाचा बहुतांश भाग कर्जदारांच्याच, म्हणजे मुख्यतः खेड्यांतील स्त्रियांच्या मालकीचा होता, ह्या गोष्टीकडे त्या मानाने दुर्लक्ष होते.

भारतात सूक्ष्मकर्जाची पद्धत आली, गट आले, साप्ताहिक हप्ते आले. परंतु पुष्कळ ठिकाणी मालकीची ही बाजू मागे राहिली. सेवाभावी संस्था म्हणून आरंभ झालेल्या एसकेएस मायक्रोफायनान्सचे पुढे कंपनीत रूपांतर झाले व २०१० साली तिचे भाग जनतेला विक्रीस निघाले. त्याच वर्षी आंध्र प्रदेशात ह्या व्यवसायातील वसुलीच्या जाचाच्या व कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी गदारोळ उडाला आणि ऑक्टोबरात राज्य शासनाला वटहुकूम काढावा लागला. ह्या व्यवसायात शिरलेल्या सर्वांचेच हेतू अशुद्ध होते, असे मानण्याचे कारण नाही. भागधारकांना वाढ हवी होती व त्यांच्याजवळ ती मागण्याचे साधन होते. कर्जदारांना सवलत हवी होती व त्यांच्याजवळ तसे साधन नव्हते. डीस यांची पाचही लक्षणे एखाद्या संस्थापकात पूर्णांशाने असती, तरी ही विषमता दूर झाली नसती.

३

ह्याच्या तुलनेत मुंबईतील एक उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती स्त्रियांनी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास सुरुवात केली. भांडवल म्हणून समाजकार्यकर्ते छगनलाल पारेख यांच्याकडून ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवसाचा माल अवघी चार पाकिटे होता. पुढे 'लिज्जत' ह्या नावाने देशभर पोहोचलेल्या श्री महिला गृह उद्योगाचा हा आरंभ होय. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली व खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. आज तिच्या सभासद भगिनींची संख्या चाळीस हजारांच्या वर आहे. मूळच्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री देण्यात आली.

नायकाच्या शोधात निघालेल्या अभ्यासकाला येथे अडचण पडते. सात जणींपैकी नायिका कोणती? नवे यंत्र नाही, नवा पदार्थ नाही. पापड तर घरोघरी होतच होते. नवी जुळणी झाली ती नियमांची. केंद्रावर पीठ एकत्र मळले जाते, भगिनी ते घरी नेतात, लाटून वाळवलेले पापड परत आणतात व मजुरी घेतात. काम करणारी प्रत्येक स्त्री सभासद आहे आणि नफ्यातोट्यात तिचा वाटा आहे. संस्थेत पुरुष नोकरीस असू शकतात. सभासद होऊ शकत नाहीत. व्यवस्थापन समितीच्या २१ जणी भगिनींमधूनच येतात. संस्था देणगी स्वीकारीत नाही. आरंभीच्या दिवसांत स्वस्त मालासाठी हलक्या प्रतीचे पापडही काढले जात. एकच प्रत राखावी असा सल्ला पारेख यांनी दिला व तो मानला गेला.

ह्या नियमांत 'उद्योग' कोणता आणि 'समाजकार्य' कोणते, हे वेगळे काढता येत नाही. देणगी नाकारण्याचा नियम वरवर स्वाभिमानाचा वाटतो. परंतु त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की बाहेरील कोणाही दात्याला संस्थेची दिशा ठरवण्याचा अधिकार मिळत नाही. काम करणारीच सभासद असल्याने, तिची मजुरी कमी करून नफा फुगवण्यात कोणाचाच लाभ उरत नाही. मिळकत आणि कार्य यांतील विरोध येथे कोणाच्या सद्‌बुद्धीवर सोपवलेला नाही. संस्थेच्या घडणीतच त्याची सोय केलेली आहे.

४

तेव्हा लाभार्थींची मालकी हीच एकमेव कसोटी मानावी काय? तसे म्हणता येणार नाही. १९७६ साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी मदुराईत ११ खाटांवर सुरू केलेले अरविंद नेत्र रुग्णालय रुग्णांच्या मालकीचे नाही. ते एका न्यासाचे आहे. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून विनामूल्य व अल्पदरातील शस्त्रक्रियांचा खर्च तेथे भागतो. १९९२ साली 'ऑरोलॅब' स्थापन करून कृत्रिम नेत्रभिंगेही स्वस्तात बनवण्यात आली. येथे बंधन निराळ्या प्रकारचे आहे : शिल्लक राहिलेला पैसा न्यासाबाहेर कोणाच्याही लाभांशात जात नाही. म्हणजे बंधनाचे रूप भिन्न असू शकते; बंधन असणे मात्र आवश्यक आहे.

उलट पक्षी, मालकी असूनही न्याय अपुरा राहू शकतो. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५०-५१च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. ऊस पिकवणारा शेतकरी कारखान्याचा मालक झाला, ही महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनातील मोठी घटना होय. परंतु त्याच्या मागोमाग वाढलेल्या सहकारी साखरधंद्यात ऊस तोडणारा मजूर मालक झाला नाही. बीडसारख्या जिल्ह्यांतून मुकादमाकडून उचल घेऊन दरवर्षी फडावर येणारे 'कोयते' सभासदत्वाच्या वर्तुळाबाहेरच राहिले. लिज्जतच्या बाबतीतही असाच एक प्रश्न विचारता येतो. घरी बसून काम मिळाल्याने स्त्रीच्या हाती पैसा आला, परंतु घरकामाचा भार तिच्याच माथी राहिला. पोळ्या लाटून झाल्यावर पापड लाटावयाचे, इतकेच. संस्थेने बाजाराशी स्त्रीचे नाते बदलले. कुटुंबातील श्रमविभागणी बदलणे तिच्या आटोक्यात नव्हते. म्हणून वर्तुळाच्या आत कोण आहे याइतकेच, वर्तुळाबाहेर कोण राहिले, हेही पाहिले पाहिजे.

५

ह्या चिकित्सेला केवळ शास्त्रीय महत्त्व आहे असे नाही. २०२२ साली सेबीच्या नियमांनी 'सामाजिक उद्यम' ह्या संज्ञेला भारतात कायदेशीर अर्थ दिला व सामाजिक शेअर बाजाराचा मार्ग मोकळा केला. विहित क्षेत्रांत व विहित वर्गांसाठी काम करणे, आणि त्या कामाचे प्रमाण उत्पन्न, खर्च अथवा लाभार्थी यांपैकी एका मापाने किमान ६७ टक्के असणे, ही त्यातील कसोटी आहे. संस्था काय करते व कोणासाठी करते, हे ह्या कसोटीने कळते. मालक कोण, शिल्लक कोठे जाते व लाभार्थीला नकाराचा अधिकार आहे काय, हे तिने कळत नाही. डीस यांच्या निबंधात जी जागा रिकामी होती, तीच येथेही रिकामी राहिली आहे. फरक इतकाच, की आता तिच्यावर शासकीय मोहोर उमटली आहे.

बाहेरील भांडवलावाचून मोठे कार्य होत नाही, आणि सभासदांच्या संमतीने चालणारी संस्था सावकाश चालते, हा आक्षेप खरा आहे. पण सावकाशपणा ही बंधनाची किंमत होय. ती द्यावयाची की नाही हे उघडपणे ठरवावे, व्याख्येच्या आड दडवू नये. सामाजिक उद्योजकतेचे महत्त्व तिने थोर माणसे दाखवली यात नाही. थोर माणसे पूर्वीही होती आणि त्यांच्या पश्चात त्यांची कार्ये विराम पावत होती. संस्थापकाचा हात सुटल्यावरही कार्याची वाट सुटू नये अशी व्यवस्था शोधता येते, हे तिने सुचवले यात तिचे महत्त्व आहे. ह्या विषयाच्या अभ्यासकाने चरित्राच्या आधी घटना व नियमावली वाचावी, ती याचसाठी. गिरगावच्या गच्चीवरील ८० रुपयांची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. तेथे ठरलेल्या नियमांचा अभ्यास अद्याप व्हावयाचा आहे.