धांवणाऱ्याची दृष्टि

प्रवासवर्णन हा आपल्या वाचकांच्या आवडीचा वाङ्मयप्रकार आहे. परंतु त्यांतील लेखक बहुधा चालत असतो, नाहींतर वाहनांत बसून बाहेर पाहत असतो. धांवतां धांवतां भूमि पाहणारा लेखक आपल्या फारसा परिचयाचा नाहीं. म्हणून जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांचें धांवण्याविषयींचें आठवणींचें पुस्तक विचार करण्यासारखें आहे. मूळ जपानी पुस्तक २००७ सालीं निघालें आणि पुढच्याच वर्षीं फिलिप गेब्रिएल यांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें. आम्हीं वाचलें तें हें भाषांतर. त्यांत व्यायामाचा उपदेश नाहीं, ही वाचकावर मोठीच कृपा आहे. १९८२ सालीं, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, नियमानें धांवूं लागलेल्या एका लेखकानें आपल्या देहाशीं आणि आपल्या लेखनाशीं मांडलेला हा हिशेब आहे. परंतु धांवणारा कोठें तरी धांवत असतो. त्याच्या पायांखालच्या वाटेचें ह्या पुस्तकांत काय झालें, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेणार आहों.

पुस्तकाचा आरंभ २००५ सालच्या ऑगस्ट महिन्यांत, हवाई द्वीपसमूहांतील कौआई बेटावर होतो. पहिल्या तिन्ही प्रकरणांवर ह्याच बेटाचें नांव आहे. कौआई ही कोंकणच्या माणसास ओळखीची वाटावी अशी भूमि. मधोमध वायलेआले हा डोंगर, जगांतील अत्यंत पावसाच्या ठिकाणांपैकीं एक. उत्तर किनाऱ्याजवळ हानालेईचें खोरें आणि त्यांत पाण्यानें भरलेल्या वाफ्यांत वाढणारें अळूचें पीक. ह्याच बेटावर कोलोआ येथें १८३५ सालीं उंसाचा मळा सुरू झाला, आणि १८८५ पासून हवाईच्या मळ्यांत राबण्यासाठीं जपानी मजूर मोठ्या संख्येनें येऊं लागले. एक जपानी लेखक रोज सकाळीं अशा बेटावर धांवतो; आणि त्याच्या पानांत काय येतें? ऊन, वारा, सावली आणि ढग. हवामान येतें, बेट येत नाहीं. धांवतांना मनांत येणाऱ्या विचारांना मुराकामी आकाशांतील ढगांची उपमा देतात, आणि ती उपमा सुंदर आहे. पण ते ढग कोणत्याही आकाशांत चालले असते.

ह्यावर मुराकामी यांच्या बाजूनें एक उत्तर देतां येईल. मनाचा रितेपणा मिळावा म्हणून आपण धांवतों, असें ते स्वतःच सांगतात. रितेपणा शोधणाऱ्याकडे मळ्यांचा आणि मजुरांचा इतिहास मागणें म्हणजे ध्यानस्थ माणसास गांवची बातमी विचारण्यासारखें नाहीं काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. परंतु त्याला उत्तर ह्याच पुस्तकांत आहे, आणि तेंही कौआई येथें लिहिलेल्या तिसऱ्या प्रकरणांत.

त्या प्रकरणांत १९८३ सालची आठवण आहे. एका मासिकाच्या कामासाठीं मुराकामी ग्रीसला गेले आणि अथेन्सपासून मॅरेथॉन गांवापर्यंत, म्हणजे त्या प्रसिद्ध मार्गावर उलट दिशेनें, भर उन्हाळ्यांत एकटेच धांवले. बरोबरच्या मंडळींची समजूत अशी होती कीं छायाचित्रांपुरतें थोडें धांवलें कीं काम झालें. मुराकामी यांस सगळा मार्ग धांवायचा होता. छायाचित्रास वाटेचा एक तुकडा पुरतो, धांवणाऱ्यास ती सबंध लागते, हा भेद येथें सहजच उमटला आहे. पुढें ऊन चढतें, घाम वाळून अंगावर मीठ उरतें, आणि रस्त्याच्या कडेस वाहनांखालीं मेलेलीं जनावरें ते मोजीत जातात: तीन कुत्रे, अकरा मांजरें. ही गणती कोणत्याही प्रवासी मार्गदर्शिकेंत सांपडणार नाहीं. तीन तास एकावन्न मिनिटांनीं ते पोंचतात, तेव्हां तो रस्ता वाचकाच्याही अंगावरून गेलेला असतो. येथें भूमि लेखकास अडवते, म्हणून ती दिसते.

दुसरें उदाहरण होक्काइदो बेटावरील सरोमा सरोवराच्या शंभर किलोमीटरांच्या शर्यतीचें. ही शर्यत मुराकामी १९९६ च्या जूनमध्यें धांवले आणि ती पुरी करण्यास त्यांना अकरा तास बेचाळीस मिनिटें लागलीं. पंचावन्न किलोमीटरांनंतर देह जवळजवळ बंड करतो; आपण माणूस नसून यंत्र आहों, असें ते मनास बजावीत राहतात; आणि पंचाहत्तराच्या सुमारास एखादी भिंत ओलांडावी तसे ते पलीकडे जातात. ओखोत्स्क समुद्र आणि सरोवर यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरचें वाक्का येथील रानफुलांचें पठार त्यानंतर येतें. वर्णन चार ओळींचेंच आहे, पण तें कमावलेलें आहे. रितेपणा आणि भूमि हीं परस्परांचीं वैरी नाहींत, हें ह्या प्रकरणानें सिद्ध केलें आहे. कौआईचीं पानें फिकीं पडतात तीं लेखक अंतर्मुख आहे म्हणून नव्हे, तर तेथें बेट त्यास केवळ सोयीचें झालें आहे म्हणून.

तरीही ह्या दोन प्रकरणांतसुद्धां एक उणीव राहते: वाटेवर माणसें फार थोडीं आहेत. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' आठवावा. वरसईहून दक्षिणेच्या आशेनें १८५७ सालीं निघालेला हा ब्राह्मण पायीं उत्तर हिंदुस्थानांत गेला, आणि चिंतामण विनायक वैद्य यांनीं १९०७ सालीं तें वृत्त प्रसिद्ध केलें. गोडसे भटजींस पाणी मागावें लागे, मुक्कामास जागा मागावी लागे; म्हणून त्यांच्या वाटेवर माणसें भेटतात. इरावती कर्वे यांनीं 'वाटचाल' ह्या लेखांत वारीचें वर्णन केलें, तेव्हां एकाच दिंडींत चालणाऱ्या निरनिराळ्या जातींच्या पंक्ती वेगळ्या बसतात, हें त्यांच्या दृष्टीस पडलें. कारण त्या त्याच मंडळींबरोबर चालत आणि जेवत होत्या. धांवणारा मात्र सकाळीं निघालेल्या दारीं दुपारच्या आंत परत येतो. शर्यतींत त्याचें पाणीही ठरल्या ठिकाणीं मांडलेलें असतें. त्याला कोणाचें मिंधें व्हावें लागत नाहीं, आणि जो मिंधा होत नाहीं त्याची ओळखही होत नाहीं. हा मुराकामी यांचा व्यक्तिगत दोष नव्हे. ती त्या गतीची किंमत आहे. चांगल्या लेखकानें मात्र ती किंमत ओळखून हिशेबांत धरावी, अशी अपेक्षा गैरवाजवी नाहीं.

आतां आपल्याकडेही सुशिक्षित कुटुंबांतील तरुण-तरुणी हौसेनें धांवूं लागल्या आहेत. समुद्रकांठच्या आणि खेड्यापाड्यांच्या वाटांवर शर्यती भरतात, आणि त्यांविषयीं लेखनही होऊं लागलें आहे. त्या लेखकांनीं मुराकामी यांचें पुस्तक अवश्य वाचावें. चढाची, वाऱ्याची आणि तापलेल्या रस्त्याची जी ओळख केवळ पायांनाच होते, ती शब्दांत कशी आणावी, हें त्यांतून शिकण्यासारखें आहे. परंतु त्यांनीं पहिल्या प्रकरणांचा नव्हे, मॅरेथॉनच्या रस्त्याचा कित्ता गिरवावा. आणि वाटेंत एकदां तरी थांबून एखाद्या घरीं पाणी मागावें. वेळ थोडा वाढेल. लेखन मात्र सुधारेल.