सुधाकर परत येतो तेव्हा

आज ऐरोलीत समोर बसलेल्यांत बरेच प्राध्यापक आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेचं काम करणारी मुलंही आहेत. म्हणून नाटकावर बोलता बोलता मी कॉलेजात शिरणार आहे, चालेल ना?

नाटक ‘एकच प्याला’. गडकरी २३ जानेवारी १९१९ला गेले आणि महिन्याभरात गंधर्व नाटक मंडळीने ते बडोद्याला रंगभूमीवर आणलं. सिंधू अर्थातच बालगंधर्व. तेव्हापासून आपण त्याचा वापर दारूविरोधी पोस्टरसारखा करत आलो. पोस्टरवर नेहमी शेवटचा अंक असतो: मेलेलं मूल, मरणारी सिंधू. २६ जूनला कॉलेजांतून होणारी पथनाट्यंही बहुतेक तशीच. काळ्या कपड्यातला व्यसनासुर, रडणारी आई, मग शपथ आणि फोटो.

पण पहिला प्याला कोण देतो ते बघा. भर कोर्टात मुन्सफाशी भांडण होऊन सुधाकरची सनद काही महिन्यांसाठी रद्द झाली आहे, अपमान आतून जाळतोय. त्या वेळी जवळ येतो तळीराम, त्याचाच कारकून. तो येतो सांत्वन करायला! केटी लागलेल्या, प्लेसमेंटच्या यादीत नाव नसलेल्या मुलाकडेही असंच कुणीतरी येतं. बहुधा त्याचं दुःख सगळ्यांत आधी ओळखणारा मित्रच. आपण मुलांना राक्षस ओळखायला शिकवतो, आणि समोर तर राक्षस नसतोच.

सुधाकर वकील आहे, हुशार आहे. दारू वाईट हे त्याला ठाऊक नव्हतं का? ज्ञान झालं की माणूस चुकत नाही, असं सॉक्रेटिस मानत असे. कळतं पण वळत नाही, ही अवस्था ॲरिस्टॉटलने गंभीरपणे घेतली. आपली जनजागृती अजून सॉक्रेटिसपाशीच आहे.

आता गडकऱ्यांशी माझं भांडण. एकदा प्याला ओठी लागला की सुटका नाही, हे सुधाकर रामलालला सांगतो. रंगभूमीवर ते भाषण जबरदस्त चालतं. पण प्रेक्षकांत आधीच पिऊ लागलेला मुलगा बसला असेल तर तो काय ऐकतो? ‘तुझं संपलं.’ आणि गंमत म्हणजे नाटकच या भाषणाला साक्ष देत नाही. सुधाकर दारू सोडतो! काम मागत फिरतो, प्रतिष्ठित लोक त्याचा पाणउतारा करतात, आणि मग तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. हा भाग शपथविधीत कुणी करून दाखवत नाही, कारण त्यात आरोपी आपण असतो.

कायदासुद्धा इथे गडकऱ्यांच्या सभ्य गृहस्थांपेक्षा उदार आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातलं कलम ६४अ वाचा: व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचाराला गेला, तर अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. पुण्याचं ‘मुक्तांगण’ १९८६पासून अशा लोकांना दार उघडतंय. माणूस घसरून पुन्हा आला तर त्यांना नवल वाटत नाही.

कॉलेजात मात्र आपला ७५ टक्के हजेरीचा नियम आडवा येतो. उपचाराला गेलेल्या मुलाचे ते आठवडे वैद्यकीय रजेत धरणार की गैरहजेरीत, हे व्यसनमुक्ती समितीने वर्षाच्या सुरुवातीलाच प्राचार्यांकडून लेखी घ्यावं. आणि ते कारण वर्गशिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार नाही, एवढंही.