साडेपाचचा डाव

दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला मी नांदेडच्या विष्णुपुरीत लॅपटॉप उघडतो, तेव्हा डॅलसमध्ये सकाळचे सात, म्युनिकमध्ये दुपारचे दोन आणि मेलबर्नमध्ये रात्रीचे दहा वाजलेले असतात. हा हिशेब मे-जूनचा. डिसेंबरात डॅलसवाल्याला सहालाच उठावे लागते आणि मेलबर्नवाला अकरापर्यंत जागा राहतो. तिन्ही ठिकाणची घड्याळे वर्षातून दोनदा हलतात, आणि तीही वेगवेगळ्या रविवारी. सुरुवातीला या गोंधळात आम्हा मित्रांचे मेंढीकोटाचे बरेच डाव बुडाले. मग ठरले की वेळ विष्णुपुरीची धरायची, कारण आपले घड्याळ बारा महिने जागचे हलत नाही.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांनी जपलेल्या एखाद्या कलेवर लिहा, असे स्मरणिकेच्या संपादकांनी सांगितले. आपले श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ साली सुरू झाले आणि त्याच वर्षी उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. तिथले गणेशोत्सव, ढोल-ताशा पथके, एकांकिका यांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मेंढीकोटाविषयी मात्र कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो.

पत्ते ही कला कशी, असे कोणी विचारेल. मेंढीकोटात चौघे, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला तेरा पाने. आधी पाच पाने वाटायची, मग चार-चार. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, आणि त्या धरण्यासाठी सगळा खटाटोप. तीन धरल्या की डाव जिंकला. दोन-दोन झाल्या तर ज्याचे सात हात तो जिंकला. चारही एका बाजूला गेल्या की कोट, आणि तेराच्या तेरा हात गेले की बावन्नपानी कोट. नियम एवढेच, दहा मिनिटांत शिकता येतात. कस लागतो तो त्याच्या पुढे. हातात बदामची दश्शी आहे, एक्का कुठे आहे माहीत नाही, भिडूने बदामची तिर्री उतरली आहे. त्याला एक्का लपवायचा आहे, की त्याच्याकडे बदाम संपत आले आहेत आणि पुढच्या वेळी तो कापणार आहे? बोलायचे नाही, खुणवायचे नाही. त्याने याआधी कोणती पाने कोणत्या क्रमाने टाकली त्यावरून त्याचे मन ओळखायचे. भिडूचा हात होणार हे एकदा ओळखले की त्यावर आपली मेंढी निर्धास्त सोडायची. दुसऱ्याच्या हातावर आपली सगळ्यात मोलाची वस्तू ठेवायला शिकवणारा असा दुसरा खेळ मला माहीत नाही.

आम्ही तो वसतिगृहात शिकलो. ते १९९७ साल होते. वीज गेली की गादीवर चादर अंथरायची, मधोमध मेणबत्ती लावायची, आणि कोणाचा तरी नांदेडी आवाज यायचा, "टाकायलास का नाही बे पत्ता? उजाडायलंय की!" कट हुकूम आणि बंद हुकूम यावरून लातूरवाले आणि नांदेडवाले कायम भांडत. नांदेडवाल्यांचा आग्रह कटचा. पहिल्यांदा ज्याच्याकडे उतरलेल्या रंगाचे पान नसेल, तो जे पान टाकेल त्या रंगाचा हुकूम. लातूरवाल्यांना एक पान उपडे ठेवून बांधलेला बंद हुकूम हवा. माझे मत आजही कटच्या बाजूने आहे, कारण त्यात हुकूम कोणी आधी ठरवत नाही, तो डावातून जन्मतो.

२००१ साली आम्ही पास झालो. आमच्या चौकडीतले तिघे पुढच्या काही वर्षांत बाहेर गेले आणि मी नांदेडलाच राहिलो. तेव्हा याहूवर पत्त्यांची टेबले होती. त्यात मेंढीकोट असणे शक्यच नव्हते. हार्ट्स होते, पण त्यात हात टाळायचे असतात, आमच्या स्वभावाच्या अगदी उलट. शेवटी डॅलसवाल्याने तोड काढली. स्पेड्सच्या टेबलावर बसायचे, कारण त्यात चार जण, दोन भिडू आणि हुकूम असे सगळे असते. बोली काहीही लावायची, पडद्यावरच्या गुणांकडे बघायचेच नाही आणि दश्श्या कोणी धरल्या ते आपापल्या वहीत लिहायचे. नांदेडच्या सायबर कॅफेत मी वही मांडीवर घेऊन असा बसत असे. हुकूम मात्र कायमचा इस्पिक. कट नाही, बंद नाही. जीव निम्माच रमायचा, तरी काही वर्षे आम्ही ते ओढले. पुढे नोकऱ्या बदलल्या, मुले झाली, एकेक जण गळत गेला. २०१६ मध्ये याहूने ते खेळांचे दालनच बंद केले. आमचे टेबल त्याआधीच ओस पडले होते.

इथे सावंतवाडीचा गंजिफा आठवतो. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण १२० गोल पाने. ही चित्रकला संपत आली असताना सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात ती पुन्हा उभी केली. त्यांचे उपकार मोठे आहेत. आज ती पाने राजवाड्यात रंगवली जातात, लोक ती कौतुकाने विकत घेतात, चौकटीत लावतात. पण मांडी घालून गंजिफा खेळणारी माणसे शोधावी लागतात. पाने वाचली तरी खेळ आपोआप वाचत नाही. खेळ माणसांच्या बसण्यात असतो, आणि ती बैठक मोडली की कपाटातल्या पानांना तो सांगता येत नाही.

आमची बैठक पुन्हा बसली ती २०२० च्या टाळेबंदीत. मार्च संपत आला होता, सगळे घरात अडकलेले. म्युनिकवाल्याने एक संकेतस्थळ शोधले. तिथे हिरवे टेबल मिळते, बावन्न पाने मिळतात, आणि नियम एकही नसतो. कोणी कोणते पान टाकावे हे ते यंत्र सांगत नाही, चूक पकडत नाही, गुण मोजत नाही. माझ्या दृष्टीने हीच त्याची सगळ्यात मोठी गोष्ट. रंगाचे पान हातात असताना कोणी कापले तर ते माणसांनीच ओळखायचे आणि माणसांनीच सांगायचे. वसतिगृहातल्या चादरीवर होते तसेच.

एक गोष्ट मात्र नवी शिकावी लागली. समोर बसलेला भिडू पान टाकण्याआधी थांबला तर त्या थांबण्याला अर्थ असतो. ऑनलाइन तो थांबला, तर तो विचार करतो आहे की इंटरनेट अडकले आहे? त्यातून भांडण झाले. मग नियम केला की जोडणी अडकली तर लगेच "अडकलंय" एवढेच बोलायचे, बाकी चूप. आणखी एक नियम माझ्यामुळे आला. एका चुरशीच्या डावात मी माझ्या भिडूला फोनवर दोन अक्षरांचा निरोप पाठवला. त्याने तो वाचला आणि माइक चालू करून सगळ्यांना सांगितले. त्या रविवारी डाव तिथेच थांबला. तेव्हापासून खेळताना चौघांचे फोन दुसऱ्या खोलीत असतात. त्याने सांगितले हे बरे झाले असे मला आजही वाटते. तो गप्प राहिला असता तर ही बैठक वर्षभरही टिकली नसती.

चौघांचे आता बरेच जण झाले आहेत. मागच्या-पुढच्या तुकड्यांतले येतात, त्यातले काही लातूरचे, त्यामुळे एक टेबल बंद हुकुमाचे आहे. पैसा लावायचा नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेले. २०२५ साली केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला तेव्हा काही ओळखीच्यांनी काळजीने विचारले. आमच्या टेबलावर कधी रुपया आलाच नाही, असे मी त्यांना सांगितले.

मला सगळ्यात जास्त कौतुक मेलबर्नवाल्याच्या मुलीचे आहे. बापाची रात्रपाळी असली की ती बसते. तिचा जन्म तिथलाच, शाळा इंग्रजी. पण तिला दुर्री, तिर्री, चौकी, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी सगळे येते. इस्पिक आणि किलवर ही नावे परदेशातून फिरत आपल्याकडे आली. आता ती मराठी होऊन पुन्हा परदेशात गेली आणि एका सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडी बसली. ती मला काका म्हणते, पण डावात "भिडू, घाई करू नका" असे सांगते. गेल्या महिन्यात तिने हातात चौकटचा एक्का असताना तो दोन हात दाबून ठेवला आणि माझी दश्शी सुखरूप घरी आणली. हे तिला कोणी शिकवले नव्हते. बापाच्या मागे खुर्ची टाकून बघत बसली होती, त्यातून ते आले.

डॅलस, म्युनिक, मेलबर्नच्या या मित्रांनी पहाटेची झोप आणि रविवारची दुपार देऊन विष्णुपुरीची चादर पसरलेली ठेवली. त्यांचे आभार मी इथे जाहीरपणे मानतो.

आणि वाचकांना एक विनंती. मेंढीकोटाचे नियम गावागणिक बदलतात. कट कधी धरायचा, दोन-दोन मेंढ्या झाल्या तर काय, कोट झाल्यावर पुढची वाटणी कोणाची, हे प्रत्येक वसतिगृहात वेगळे होते आणि कुठे लिहून ठेवलेले सहसा सापडत नाही. तुमच्या खोलीत कसे खेळत होते ते एका पानावर लिहून स्मरणिका समितीकडे पाठवा. पुढच्या अंकात ते सगळे छापू. आणि बसायचे असेल तर रविवारी साडेपाचला या, फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवून.