अस्थी, यादी आणि साक्ष

इटलीने १९३९ मध्ये अल्बानिया व्यापला. महायुद्ध संपून सुमारे वीस वर्षे लोटल्यावर एक इटालियन सेनापती, सोबतीला एक धर्मगुरू घेऊन, तेथे पडलेल्या आपल्या सैनिकांच्या अस्थी परत नेण्यासाठी येतो, हे इस्माईल कादारे (१९३६–२०२४) यांच्या ‘मृत सैन्याचा सेनापती’ (१९६३) या कादंबरीचे कथासूत्र होय. युद्धाच्या वैयर्थ्याची कथा म्हणून ती वाचणे योग्यच आहे. परंतु तेवढ्याने तिचे मर्म हाती येत नाही. मृताची ओळख कोणाच्या शब्दाने सिद्ध होते, हा तिचा खरा प्रश्न आहे.

सेनापतीजवळ याद्या आहेत. त्यांत नावे आहेत, उंची आहे, दातांच्या खुणा आहेत. या यादीची भाषा मोजमापाची असल्यामुळे तिला कर्ता नाही आणि क्रियापदही नाही. कोणी कोणास मारले, का मारले, हे ती सांगू शकत नाही. स्वतः सेनापती मात्र कादंबरीभर अनामच राहतो, ही योजना अर्थपूर्ण आहे.

ज्या कर्नलच्या अस्थींसाठी सर्वाधिक धडपड चालते, त्यांचा पत्ता यादीतून लागत नाही. एका लग्नघरी एक वृद्धा पोते आणून सेनापतीच्या पायांशी टाकते. या कर्नलमुळे तिने पती आणि कोवळी मुलगी गमावलेली असते, आणि तिनेच त्याला मारलेले असते. संपूर्ण कादंबरीत याहून निर्विवाद अशी ओळख दुसरी नाही. ती शत्रूच्या मुखातून येते आणि मृताचा अपराधही बरोबर आणते. सेनापतीला ती पेलत नाही. तो पोते नदीत लोटतो, आणि मग तेवढ्याच उंचीचा दुसरा सांगाडा चालेल काय, असा विचार सुरू होतो. साक्ष नाकारल्यावर यादीपाशी खोटेपणाखेरीज काही उरत नाही.

हा प्रश्न कादंबरीपुरता नाही. उत्तर कोरियाने २७ जुलै २०१८ रोजी अमेरिकेस अस्थींच्या ५५ पेट्या दिल्या. त्यांसोबत ओळखपट्टी एकच होती. प्रयोगशाळा हाडांवरून नाव शोधू शकते. तो मनुष्य कसा मेला, हे सांगण्यास मात्र बहुधा पूर्वीचा शत्रूच लागतो. आणि ते ऐकून घेण्याची तयारी असल्यावाचून अस्थी परत आल्या तरी मृत परत आला असे म्हणता येत नाही.