मेंढपाळ, माउली आणि राखण : मराठी ख्रिस्ती साहित्यातील एका रूपकाचा विचार

१

दुर्बलांविषयीचे कर्तव्य सांगताना ख्रिस्ती परंपरेने ज्या रूपकावर सर्वांत अधिक भिस्त ठेवली ते मेंढपाळाचे आहे. चर्चच्या पुरोहिताला मराठी प्रॉटेस्टंट समाजात 'पाळक' म्हणतात, तो शब्द याच रूपकातून आला आहे. हे रूपक इतके परिचित झाले आहे की ते रूपक असल्याचेच विस्मरण होते. त्याचा उच्चार होताच वत्सलता, सुरक्षितता आणि हिरवी कुरणे एवढेच डोळ्यांसमोर येते. वस्तुतः बायबलमध्ये या प्रतिमेचा अत्यंत तीव्र वापर आरोपपत्र म्हणून झालेला आहे. यहेज्केल या संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायात इस्राएलच्या सत्ताधाऱ्यांना मेंढपाळ म्हटले आहे ते त्यांचा गौरव करण्यासाठी नव्हे. दूध प्यायले, लोकर पांघरली, पुष्ट मेंढरे कापून खाल्ली. पण आजाऱ्याला बरे केले नाही, मोडलेल्याला बांधले नाही, हरवलेल्याला शोधले नाही, हा तेथील ठपका आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील उत्तम मेंढपाळ याच ठपक्याचे उत्तर म्हणून येतो. लांडगा दिसताच मोलाने राखणारा पळतो, खरा मेंढपाळ कळपासाठी आपला जीव देतो. म्हणजे मेंढपाळ आणि मेंढरू यांच्यातील जो व्यावहारिक संबंध आहे त्याची येथे उलटापालट केलेली आहे. एरवी मेंढरू मेंढपाळासाठी मरते.

ही उलटापालट ध्यानात न घेतल्यास रूपक सहज सत्तेच्या सेवेला लागते. फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांनी १९७७-७८ च्या व्याख्यानांतून 'पाळकसत्ते'ची जी मीमांसा केली तिचा रोख याच बाबीकडे होता. राजा भूमीवर राज्य करतो, पाळक जिवांवर. त्याची सत्ता जुलमाच्या रूपाने येत नाही, ती काळजीच्या रूपाने येते. ती सर्वांची आणि प्रत्येकाची वेगवेगळी विचारपूस करते, आणि म्हणूनच तिच्यापासून काहीही लपविता येत नाही. तिला मोबदला हवा असतो तो आज्ञापालनाचा. फूको यांचे हे विवेचन पाश्चात्य चर्चच्या इतिहासावर बेतलेले आहे. मराठी ख्रिस्ती साहित्याला ते जसेच्या तसे लागू होते काय, आणि होत नसेल तर कोठे अडते, हा येथील विचारणीय प्रश्न आहे.

२

कोणतेही रूपक परभाषेत जाते तेव्हा तेथे आधीच नांदत असलेल्या प्रतिमांशी त्याला व्यवहार करावा लागतो. मराठीत मेंढपाळाला तीन प्रतिमा भेटल्या.

पहिली गोपाळाची. गाई राखणारा देव मराठी मनाला परका नव्हता. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या पशुपालक परंपरेत शोधले, तर गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या धनगरी दैवतांचा अभ्यास केला. या संशोधनामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. राखणारा देव ही कल्पना मराठी मुलुखात मिशनऱ्यांच्या कितीतरी आधीपासून होती. मात्र अभिजनांच्या भक्तीत त्या देवाच्या अंगाचा घोंगडीचा वास उरलेला नव्हता.

दुसरी प्रतिमा माउलीची, आणि ती सर्वांत प्रबळ. वारकरी संतांनी दुर्बलतेची भाषा घडविली ती आई आणि लेकरू, गाय आणि वासरू, पक्षिणी आणि पिले यांच्या आधारे. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे ज्यांचे गाव मानले जाते त्या नामदेवांच्या अभंगांत ही भाषा विशेष आर्त झालेली आहे. माउली आणि मेंढपाळ यांत एक महत्त्वाचा भेद आहे. लेकरू रडून आईला बोलावते, तिच्याशी भांडते, रुसते, तिला बोल लावते. मेंढराला यांतले काहीच करता येत नाही. मेंढपाळाचा आवाज ओळखणे एवढेच त्याच्या वाट्याला येते.

तिसरी प्रतिमा प्रत्यक्षातील धनगराची. कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर आणि त्याच्या आसपासचा प्रदेश हा हटकर-धनगर वस्तीचा मुलूख आहे. एकीकडे नरसी, दुसरीकडे औंढा नागनाथ, आणि मधल्या शिवारांत मेंढरांची वाट, अशा भूगोलात हे रूपक वाचणाऱ्याला मेंढपाळ ही चर्चच्या रंगीत काचेवरची गोंडस आकृती वाटण्याचा संभव नाही. शेतात मेंढरे बसवावीत, त्यांच्या लेंड्यांनी जमीन कसदार व्हावी आणि बदल्यात शेतकऱ्याने धान्य द्यावे, हा देवघेवीचा व्यवहार त्याला ठाऊक असतो. वाघरीच्या आत कोंडलेला कळप, लंगडणारे कोकरू खांद्यावर घेऊन चाललेला माणूस आणि तेच कोकरू पुढे बाजारात विकले जाणे, हे तिन्ही त्याने पाहिलेले असते. शिवाय मेंढपाळ हा गावगाड्याच्या काठावर राहणारा, पाटीलकीपासून दूरचा माणूस, हेही त्याला माहीत असते. म्हणजे ज्या रूपकाला युरोपात धर्मपीठाचा दंड चिकटला, तेच या मुलुखात खालून वर पाहणाऱ्याचे रूपक होण्याची शक्यता होती. त्याच वेळी मराठीत 'मेंढरू' हा शब्द विचारशून्य अनुयायासाठी शिवीसारखा वापरला जातो. मराठी ख्रिस्ती लेखकाला ही शक्यता आणि ही अडचण दोन्ही वारशाने मिळाल्या.

३

बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या आद्य मराठी कादंबरीत दुर्बलांची मोठी मालिका आहे. यमुना प्रवास करते आणि ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे वाचकापुढे येतात. या कादंबरीचे ऐतिहासिक मोल निर्विवाद आहे. जे दुःख माजघरात कोंडलेले होते ते तिने गद्यात आणले. तथापि तिची रचना मेंढपाळाच्या दृष्टीची आहे. येथे दुःखे मोजली जातात, त्यांची वर्गवारी होते, प्रत्येक दुःखातून एक बोध निघतो आणि बोधाची दिशा आधीच ठरलेली असते. विधवा बोलतात खऱ्या, परंतु त्यांचे बोलणे साक्षीदाराचे आहे. लेखकाने त्यांना ज्या मुद्द्यासाठी बोलाविले त्याच्या पलीकडे त्या जात नाहीत. कळवळा आहे, पण कळवळ्याला प्रश्न विचारणारे कोणी नाही.

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या जीवनात आणि लेखनात हे चित्र बदलते. राखणारी व्यक्ती येथे प्रथमच स्वतः हरवलेल्यांपैकी होती. दुष्काळात आईबाप गेले, मग बहीण गेली, भावाबरोबर उपाशीपोटी पायपीट झाली. या अनुभवानंतर १८९६-९७ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्यांनी दीड हजारांहून अधिक मुली-स्त्रियांना केडगावच्या मुक्तिसदनात आणले, तेव्हा त्यांच्या कृतीत वरून खाली येणारी दया नव्हती. त्यांना ती भूक माहीत होती.

परंतु रमाबाईंचे अधिक मोठे वैशिष्ट्य अन्यत्र आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर लगेचच त्यांचा चर्चच्या अधिकाऱ्यांशी वाद सुरू झाला. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या पुनःपुन्हा एकच गोष्ट सांगतात. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या प्रयासाने मान सोडविली, ती दुसऱ्या वर्गापुढे वाकविण्यासाठी नव्हे. मेंढपाळाचा आवाज ओळखावा, हे त्यांना मान्य आहे. मात्र तो आवाज मेंढपाळाचाच आहे की त्याच्या नावाने बोलणाऱ्या कारभाऱ्याचा, हे ठरविण्याचा हक्क त्या सोडत नाहीत. फूको ज्या आज्ञापालनाविषयी लिहितात त्याला येथे खीळ बसते.

याच आग्रहाचे दुसरे रूप म्हणजे त्यांचे बायबलचे भाषांतर. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मूळ ग्रंथावरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सामान्य, अल्पशिक्षित बाईला कळेल अशी मराठी हा त्यांचा निकष होता, आणि छपाईचे काम मुक्तिसदनातल्या स्त्रियांनी केले. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली मेंढपाळाच्या दाखल्याचे खिळे जुळवीत बसल्या, या वस्तुस्थितीत रूपकाचा संपूर्ण अर्थ बदललेला आहे. आश्रय घेणारी व्यक्ती येथे मजकुराची निर्माती झाली.

हे मान्य करताना एक प्रश्न टाळता येणार नाही. १८९३ मध्ये शारदासदनावरून जो वाद उसळला, ज्यातून रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, त्या वादाचा गाभा हाच होता : निराधार व्यक्तीने आश्रयदात्याचा धर्म स्वीकारला तर तो निर्णय तिचा किती आणि भाकरीचा किती? टीकाकारांच्या आक्षेपात जातिअभिमान होता हे खरे. विधवा मुलीला स्वतःचे मन असू शकते हेच अनेकांना मान्य नव्हते. तरीही प्रश्न खोटा ठरत नाही. राखणीत सत्ता असतेच. तिची कबुली देणे आणि राखलेल्याच्या हाती साधने देणे, एवढाच तिच्यावरचा उतारा आहे. रमाबाईंनी दुसरी गोष्ट भरपूर केली, पहिली मात्र क्वचित.

४

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी रूपकाचा प्रश्न कवीप्रमाणे सोडविला. त्यांच्या भक्तिकाव्यात ख्रिस्त प्रामुख्याने गुरुमाउली आहे. ओवी-अभंगाचा घाट स्वीकारताच माउलीची प्रतिमा आपोआप पुढे आली आणि मेंढपाळ मागे सरला. हा केवळ देशी पेहराव नव्हता. माउलीपुढे भक्ताला हट्ट करता येतो, आणि टिळकांचे काव्य अशा हट्टानेच जिवंत झाले आहे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली, तेव्हा कळपाचे कुंपणच त्यांनी काढून टाकले.

तथापि या विषयावरील मराठीतील सर्वश्रेष्ठ भाष्य टिळकांचे नसून लक्ष्मीबाईंचे आहे. 'स्मृतिचित्रे' (१९३४-३६) हे पुस्तक आत्मचरित्र म्हणून, बोलीच्या अकृत्रिमतेसाठी आणि विनोदासाठी वाखाणले गेले. ते मेंढपाळाच्या दाखल्याचे उलट बाजूने केलेले वाचन आहे, याकडे मात्र लक्ष गेलेले नाही. लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरे रानात ठेवून एका हरवलेल्याच्या शोधात निघतो. त्या शोधाचे गुणगान दोन हजार वर्षे होत आले आहे. मागे राहिलेल्यांचे काय झाले, हे दाखला सांगत नाही. लक्ष्मीबाई सांगतात. घरात जे असेल ते देऊन टाकणारा, कोणालाही घरी आणणारा, कोठे निघाला आणि केव्हा परतेल याचा पत्ता नसणारा हा कनवाळू पुरुष ज्यांना मागे ठेवून जात होता, त्यांच्या बाजूने हे पुस्तक लिहिलेले आहे. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची ताटातुटीची वर्षे हा मागे ठेवले जाण्याचा परमावधी होय.

येथे तक्रारीचा सूर नाही, म्हणूनच ही टीका अधिक भेदक ठरते. लक्ष्मीबाई टिळकांच्या दयेवर हसतात, पण ती दया खोटी ठरवीत नाहीत. परार्थ करणाऱ्याच्या घरातील चूल कोण पेटविते, हा प्रश्न त्या तत्त्वचर्चेच्या भाषेत विचारीत नाहीत. भांडी, पैसे, भांडणे आणि पाहुणे यांच्या तपशिलातून तो उभा राहतो. पुढे त्या स्वतः परक्या मुलांना पोटाशी धरतात. त्याआधी त्यांना सोवळेओवळे ओलांडावे लागते, आणि जात देवाने निर्माण केलेली नाही या निष्कर्षापर्यंत त्या स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या गतीने येतात. टिळकांच्या मागोमाग गेलेले मेंढरू असे त्यांचे वर्णन करणे अशक्य आहे. त्या वाटेवर त्या भांडत गेल्या. राखणीची नैतिकता राखणाऱ्याच्या हेतूवरून ठरवायची की राखलेल्याच्या साक्षीवरून, या प्रश्नाला मराठी साहित्याने दिलेले उत्तर 'स्मृतिचित्रे'त आहे.

५

या रूपकाला सर्वांत मोठे आव्हान साहित्याबाहेरून आले. दुष्काळांच्या काळात नगर जिल्ह्यातील महार-मांग समाजातील अनेकजण मिशनच्या आश्रयाला आले. जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही वस्ती उभी केली. अन्न, शाळा आणि माणूस म्हणून ओळख त्यांना तेथे मिळाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण केले, त्याचा शेवट त्यांनी बुद्धाच्या उपदेशाने केला : स्वतःचा दिवा स्वतःच व्हा. मेंढपाळ आणि दिवा या दोन प्रतिमांमध्ये दोन मानवशास्त्रे समोरासमोर उभी आहेत. एकीत दुर्बलाला कोणीतरी शोधायला येते, दुसरीत दुर्बल स्वतःच्या प्रकाशात वाट काढतो. दलित साहित्याने दयेचा जो निग्रहाने अव्हेर केला त्याचे मूळ या दुसऱ्या प्रतिमेत आहे.

मात्र हा विरोध निरपवाद मानता येत नाही. तान्हे मूल, अंथरुणाला खिळलेला वृद्ध, भ्रमिष्ट झालेली बाई यांना 'दिवा व्हा' म्हणता येत नाही, त्यांना राखावेच लागते. केडगावात अंध आणि वृद्ध स्त्रियांसाठी वेगळी व्यवस्था करावी लागली ती याचसाठी. दिव्याची प्रतिमा स्वाभिमान देते आणि मेंढपाळाची प्रतिमा सोबत देते. समाजाला दोहोंची गरज आहे. फक्त सोबतीच्या नावाखाली स्वाभिमान हिरावला जाऊ नये, हा पहारा साहित्याने करावयाचा असतो.

अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी पाळकाच्या कर्तव्याची कक्षा वसईच्या जमिनीपर्यंत आणि पाण्यापर्यंत नेली. 'सुबोध बायबल' लिहिणारा हा धर्मगुरू हरित वसईच्या चळवळीत गावकऱ्यांबरोबर रस्त्यावर उतरला, आणि २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्याची निवड झाली. कुरण आणि पाणीच नाहीसे होत असताना मेंढपाळाने कोकरू खांद्यावर घेऊन भागत नाही, कुरणासाठी भांडावे लागते, हा त्या कार्याचा अर्थ. यहेज्केलचे आरोपपत्र अशा रीतीने पुन्हा सत्ताधाऱ्यांच्या हाती दिले गेले.

मेंढपाळाचे रूपक मराठीत जेथे केवळ उपदेशासाठी वापरले गेले तेथे ते निर्जीव राहिले. जेथे राखलेल्यांपैकी कोणीतरी उभे राहून बोलू लागले, वाद घालू लागले, खिळे जुळवू लागले, हसू लागले, तेथे ते सत्त्वशील झाले. नामदेवांच्या मुलुखातील वाचकाला ही गोष्ट नवी वाटणार नाही. देवाशी भांडण्याचा अधिकार हा भक्तीचाच भाग आहे, हे त्याच्या परंपरेने त्याला केव्हाच शिकविले आहे. मराठी ख्रिस्ती साहित्याचे कर्तृत्व असे की त्याने हा अधिकार मेंढरालाही मिळवून दिला.