दोस्त राष्ट्रांमधली ‘दोस्ती’ : याल्टाचा करार आणि दोन तारा

आजचा विषय इतिहासाचा आहे, आणि मी इतिहासाचा माणूस नाही. माझं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. त्यामुळे घटनांची जंत्री मी सांगणार नाही. ती तुम्हाला कुठल्याही बऱ्या पुस्तकात मिळेल. मी काही कागद वाचणार आहे. कागद म्हणजे करार, टिपणं, तारा. हे कागद आजवर ज्या पद्धतीनं वाचले गेले, त्या वाचनावर माझा आक्षेप आहे. तो आक्षेप मांडायचा, एवढंच आजचं काम.

प्रश्न साधा आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन क्रिमियातल्या लिवाडिया राजवाड्यात आठवडाभर एका टेबलाशी बसले, एकमेकांच्या नावानं प्याले उंचावले. आणि जून १९४८ मध्ये बर्लिनचे रस्ते नि रेल्वे बंद करून शहराची नाकेबंदी झाली. तीन-सव्वातीन वर्षं. एवढ्यात असं काय झालं?

याची दोन ठरलेली उत्तरं आहेत. पहिलं, स्टालिननं शब्द मोडला. दुसरं १९५९ नंतर पुढे आलं, विल्यम ॲपलमन विल्यम्स यांच्या ‘द ट्रॅजेडी ऑफ अमेरिकन डिप्लोमसी’ या पुस्तकापासून. त्याचा रोख असा की, अमेरिकेला जगाची बाजारपेठ आपल्यासाठी खुली हवी होती आणि त्या हट्टापायी रशियाच्या सुरक्षेच्या गरजा तिला दिसल्याच नाहीत. ही दोन्ही उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं आपण मानतो. पण दोघांच्या पोटात एकच गृहीतक आहे, बरं का. काहीतरी स्पष्ट ठरलं होतं, आणि कुणीतरी ते मोडलं. आता, मोडण्यासाठी आधी काही ठरावं लागतं ना? ते ठरलं होतं का, हे तपासायला नको?

सुरुवात याल्टाच्या चार महिने आधीपासून करू. ९ ऑक्टोबर १९४४, मॉस्को. चर्चिलनी एका कागदावर आकडे लिहिले. रुमानियात रशियाचा वाटा ९० टक्के, ग्रीसमध्ये ब्रिटनचा ९० टक्के, युगोस्लाव्हिया आणि हंगेरी निम्मे-निम्मे, बल्गेरियात रशियाचे ७५. कागद टेबलावरून पलीकडे सरकवला आणि स्टालिननं निळ्या पेन्सिलीनं त्यावर खूण केली. चर्चिलनीच आपल्या युद्धस्मृतींच्या सहाव्या खंडात हे लिहून ठेवलंय. या कागदाला लोक निर्लज्ज म्हणतात. असेलही. पण मला त्यातला वेगळाच दोष दिसतो. टक्के कशाचे? मंत्र्यांचे? पोलीस खात्याचे? वर्तमानपत्रांचे? कागदावर ते कुठंच नाही. पुढचे दोन दिवस ईडन आणि मोलोतोव यांनी घासाघीस करून हंगेरी आणि बल्गेरियाचे आकडे ८० वर नेले. मंडईत घासाघीस करणाऱ्या दोघांना निदान भाजी कुठली ते दिसत असतं. इथं देशाचा ८० टक्के ‘प्रभाव’ म्हणजे काय वस्तू आहे, हे दोघांनाही माहीत नव्हतं, आणि तरी भाव ठरला.

मात्र एक गोष्ट घडली. डिसेंबर १९४४ मध्ये ब्रिटिश फौजा अथेन्समध्ये ग्रीक कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालच्या लढवय्यांवर गोळ्या झाडत होत्या आणि स्टालिन गप्प राहिला. अर्थ न ठरलेला करारही पाळला जाऊ शकतो, हे इथं दिसतं. का पाळला गेला? कारण हिटलर अजून जिवंत होता. हे लक्षात ठेवा.

आता याल्टा. पोलंडबद्दलच्या मजकुरात दोन अटी आहेत. लुब्लिनमध्ये उभं राहिलेलं, रशियानं मान्यता दिलेलं सरकार अधिक व्यापक लोकशाही पायावर पुन्हा रचायचं, देशातले आणि देशाबाहेरचे लोकशाहीवादी पोलिश नेते त्यात घ्यायचे आणि मुक्त निवडणुका लवकर घ्यायच्या, ही एक. दुसरी अट लिखाणात तितकी ठळक नाही, पण संभाषणात सारखी येते आणि रूझवेल्ट-चर्चिल दोघांनाही ती मान्य होती : पोलंडचं सरकार सोव्हिएत संघाशी मैत्रीचं असावं.

तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गात आपण विचारतो, ही दोन विधानं एकाच वेळी खरी असू शकतात का? १९३९ मध्ये हिटलरशी करार करून ज्यानं निम्मा पोलंड घेतला, १९४० मध्ये कातिन आणि इतर ठिकाणी ज्याच्या हुकमानं सुमारे २२,००० पोलिश अधिकारी आणि कैदी मारले गेले, १९४४ मध्ये वॉर्सा उठावाच्या वेळी ज्याची फौज नदीच्या पलीकडे थांबून राहिली, त्याच्याशी ‘मैत्री’ असणारं सरकार पोलिश मतदार मुक्त निवडणुकीत निवडून देतील? म्हणजे बघा, एक अट पाळली की दुसरी मोडणार हे कागदावर सही होतानाच ठरलेलं होतं. रूझवेल्ट यांचे लष्करी सल्लागार ॲडमिरल लेही यांनी त्यांना तिथंच सांगितलं होतं की, हा मजकूर इतका रबरासारखा आहे की रशियनांना तो हवा तितका ताणता येईल. रूझवेल्ट यांनी ते नाकारलं नाही. सध्या पोलंडसाठी याहून जास्त काही करता येत नाही, असं त्यांचं उत्तर होतं. लेहींनी स्वतःच्या आठवणींत हे नोंदवलंय. आणि पलीकडच्या बाजूला, मुक्त युरोपविषयीच्या जाहीरनाम्यातल्या शब्दांची मोलोतोवला धास्ती वाटली तेव्हा स्टालिननं त्याला सांगितलं की काळजी नको, पुढे आपण आपल्या पद्धतीनं ते राबवू. हे मोलोतोवनं म्हातारपणी सांगितलेलं आहे.

तेव्हा ‘याल्टाला फसवणूक झाली’ हे वाक्य मला पटत नाही. संदिग्धपणा दोघांना माहीत होता, दोघांनी तो जाणून स्वीकारला. राजनयात संदिग्ध शब्द हे पाप नाही. कित्येकदा तोच एक मार्ग असतो. पण संदिग्ध शब्दाला अर्थ लावणारा कुणीतरी लागतो. युद्धात ते काम जर्मनीनं केलं. शत्रू समोर असेतो दोघेही अर्थ जरा सैल ठेवत होते. ८ मे १९४५ नंतर तो गेला.

आणि या सैल अर्थाची किंमत कुणी दिली? आपल्याकडे याचं उत्तर शोधायला क्रिमियापर्यंत जावं लागत नाही. कोल्हापूरजवळ वळीवडे इथं १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. पूर्व पोलंडमधून त्यांना १९४०-४१ मध्ये सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. जुलै १९४१ मध्ये हिटलरच्या हल्ल्यानंतर रशियाला मित्र हवे झाले, तेव्हा लंडनमधल्या पोलिश सरकारशी करार झाला आणि या लोकांना सोडण्यात आलं. करारात शब्द काय वापरला, माहीत आहे? ‘माफी’. गुन्हा कुठला होता, हे विचारायचं नाही. ही माणसं इराणमार्गे पंचगंगेच्या काठी पोचली, शाळा नि चर्च उभं केलं, आणि घरी जायची वाट बघत राहिली. याल्टाला त्यांचा मुलूख सोव्हिएत हद्दीत गेला. ५ जुलै १९४५ ला ब्रिटन आणि अमेरिकेनं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या सरकारला दिली. वळीवड्याच्या छावणीत बसलेल्या बाईसाठी याचा अर्थ असा, की सकाळी उठल्यावर आपलं सरकारही नाही आणि आपलं गावही आपल्या देशात नाही. शीतयुद्धावरचे हजार-हजार पानांचे ग्रंथ मी चाळलेत. त्यांत वळीवडे क्वचितच भेटतं. पुढे त्याच बराकींत फाळणीनंतरचे सिंधी निर्वासित आले आणि ते गांधीनगर झालं. हे विषयांतर नाही.

वॉर्सातलं ते सरकार बनलं कसं, तेही पाहा. मार्च १९४५ मध्ये पोलिश भूमिगत चळवळीच्या सोळा नेत्यांना रशियनांनी बोलणी करायला बोलावलं आणि अटक करून मॉस्कोला नेलं. जून १९४५ मध्ये त्यांच्यावर मॉस्कोत खटला चालला. नेमक्या त्याच दिवसांत, त्याच मॉस्कोत, मिकोलायचिक आणि लुब्लिनवाले यांच्यात संयुक्त सरकार बनवण्याची बोलणी चालू होती. एका इमारतीत लोकशाहीवादी नेत्यांना सरकारात घेणं, दुसरीत लोकशाहीवादी नेत्यांना शिक्षा. ‘लोकशाहीवादी’ हा एकच शब्द दोन्हीकडे राबतोय.

आता एक प्रसिद्ध प्रसंग. रूझवेल्ट १२ एप्रिलला वारले, ट्रुमन आले आणि २३ एप्रिलला मोलोतोव त्यांना भेटला. ट्रुमन यांच्या १९५५ च्या आत्मकथनात या भेटीचा शेवट झणझणीत आहे : माझ्याशी असं कुणी कधी बोललं नाही असं मोलोतोव म्हणतो, आणि करार पाळा म्हणजे कुणी असं बोलणार नाही असा टोला ट्रुमन लगावतात. शीतयुद्ध इथं सुरू झालं, असं पुष्कळांनी लिहिलंय. अडचण अशी की, दुभाषे बोलेन यांनी त्या भेटीचं जे टिपण केलं, त्यात ही शेवटची चकमक नाही. ट्रुमन कडक बोलले हे टिपणात आहे, टोला नाही. दहा वर्षांनी, शीतयुद्ध ऐन भरात असताना लिहिलेल्या आठवणीवर इतिहासाचं वळण उभं करायचं, हे कच्चं वाचन झालं. शिवाय त्याच ट्रुमन यांनी महिन्याभरात हॅरी हॉपकिन्सना स्टालिनकडे पाठवून पोलंडचा प्रश्न तडजोडीनं मिटवला. वळण असेल तर ते इथं नाही.

माझ्या मते ते १९४६ मध्ये आहे, आणि ते दोन तारांमध्ये आहे. २२ फेब्रुवारीला मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीतून जॉर्ज केनन यांनी वॉशिंग्टनला पाठवलेली ‘लांब तार’. केनन आपल्या आठवणींत ती ८,००० शब्दांची असल्याचं सांगतात. प्रत्यक्षात पाच हजारांच्या थोडी वर आहे. (लेखकाला आपलं लेखन नेहमी मोठं वाटतं.) दुसरी, २७ सप्टेंबरला वॉशिंग्टनहून सोव्हिएत राजदूत नोविकोव यांनी पाठवलेली. ती १९९० पर्यंत जगाला ठाऊक नव्हती. नोविकोव यांनीच पुढे सांगितलं की तिचा खरा कर्ता मोलोतोव होता.

केनन म्हणतात, क्रेमलिनचा संशयी स्वभाव रशियाच्या जुन्या असुरक्षिततेतून येतो, मार्क्सवाद हे त्यावरचं पांघरूण आहे, आणि या सत्तेला युक्तिवाद कळत नाही, बळ कळतं. नोविकोव म्हणतात, अमेरिकन मक्तेदार भांडवलाला जगावर वर्चस्व हवंय, आणि लष्करी तळ हा त्याचा पुरावा. केनन यांची तार कितीतरी चांगली लिहिलेली आहे, यात शंका नाही. पण रचना एकच आहे. समोरचा काय बोलतो याला पुरावा म्हणून किंमत नाही. तो ताठर राहिला तर सिद्धांत खरा. तो नमला तर बळापुढे नमला, किंवा डाव टाकला, म्हणून सिद्धांत आणखी खरा. कार्ल पॉपरचं ‘द ओपन सोसायटी’ १९४५ चं आहे. जो सिद्धांत कशानंच खोटा ठरत नाही तो काही सांगतच नाही, हा त्याचा आग्रह त्याआधीच छापून झाला होता. तो परराष्ट्र खात्यांपर्यंत पोचला नाही, एवढंच.

म्हणजे हिटलर गेल्यावर संदिग्ध शब्दांना अर्थ लावणारी जी जागा रिकामी झाली होती, ती या सिद्धांतांनी भरली. याल्टाचा ‘मैत्रीपूर्ण’ हा शब्द आता वाटाघाटीचा राहिला नाही, लक्षण झाला. डॉक्टर रोग्याशी वाटाघाटी करत नाही.

यावर जॉन लुईस गॅडिस यांचं उत्तर ठाऊक आहे. १९९७ च्या ‘वी नाऊ नो’मध्ये, सोव्हिएत कागदपत्रं उघडल्यानंतर, ते सांगतात की स्टालिन असेपर्यंत शीतयुद्ध टळणारं नव्हतं. स्टालिनबद्दल त्यांचं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. सोळा जणांचा खटला मी आत्ताच सांगितला. पण फिनलंडचं काय करायचं? हरलेला देश, शेजारी, हिटलरच्या बाजूनं लढलेला. त्यानं एप्रिल १९४८ मध्ये रशियाशी मैत्रीचा करार केला, परराष्ट्र धोरणात जपून राहिला आणि निवडणुका, पक्ष, संसद सगळं टिकवलं. तोच स्टालिन, तोच ‘मैत्री’ शब्द. चेकोस्लोव्हाकियातून लाल फौज १९४५ च्या अखेरीस गेली, मे १९४६ ची निवडणूक खुली झाली. सत्ता बळकावली गेली ती फेब्रुवारी १९४८ मध्ये, मार्शल योजनेवरून फाटल्यावर. सगळं स्टालिनच्या स्वभावातून निघत असेल, तर एकाच स्वभावातून वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे निकाल का निघावेत? ‘अटळ’ हा शब्द मागं वळून पाहताना फार स्वस्त पडतो.

मग गती कशी आली? थोडक्यात सांगतो. २० फेब्रुवारी १९४७ ला ॲटली यांनी जून १९४८ पर्यंत हिंदुस्थान सोडण्याची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी ब्रिटननं अमेरिकेला कळवलं की ग्रीस आणि तुर्कस्तानचा भार आता आम्हाला पेलत नाही. आपल्या पुस्तकांत या दोन बातम्या वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. लंडनमध्ये ती एकाच रिकाम्या तिजोरीची गोष्ट होती. १२ मार्चला ट्रुमन काँग्रेसपुढे गेले आणि ग्रीसचं कर्ज हा दोन जीवनपद्धतींमधल्या निवडीचा प्रश्न झाला. सप्टेंबरमध्ये झ्दानोव यांनी ‘दोन छावण्या’ जाहीर केल्या. टक्क्यांच्या कागदावर निदान पाच देशांची पाच वेगळी नावं होती. आता दोनच नावं उरली.

त्या वर्षी एकानं हे नेमकं ओळखलं, तो म्हणजे वॉल्टर लिपमन. केनन यांचा लेख ‘एक्स’ या नावानं जुलै १९४७ मध्ये ‘फॉरेन अफेअर्स’मध्ये आला, आणि लिपमननी त्यावर लेखमाला लिहिली. ‘द कोल्ड वॉर’ हे तिच्या पुस्तकाचं नाव. त्यांचा मुद्दा असा की, ज्यांच्याशी आपला जिव्हाळा नाही, विश्वास नाही, अशांशी व्यवहार करण्यासाठीच तर राजनय असतो. मित्रांशी बोलायला राजदूत कशाला हवेत? विश्वास नाही म्हणून बोलणी नाहीत, हे म्हणजे ताप आहे म्हणून औषध नको म्हणण्यासारखं. आणि गंमत अशी की केनन यांनीच पुढे, १९६७ च्या आठवणींत, लिपमनच्या बऱ्याचशा आक्षेपांना मान दिला. आपल्याला लष्करी वेढा अभिप्रेत नव्हता, असं ते सांगत राहिले. त्यांच्या तारेचा शेवटचा भाग पुन्हा वाचा. शत्रूशी झुंजताना आपणच त्याच्यासारखे होऊन बसू, ही भीती त्यात स्पष्ट आहे. नौदलमंत्री फॉरेस्टल यांनी ती तार अधिकाऱ्यांमध्ये वाटली, सगळ्यांनी वाचली, आणि हा भाग कुणाच्या लक्षात राहिला नाही.

पुढच्या वेळी नोविकोवच्या तारेत मोलोतोवनं कुठं कुठं रेघा ओढल्या आहेत, तिथून सुरुवात करू. आता प्रश्न घेऊया.